नादारीचे शुल्क : बेकार व साहाय्यजीवी ऋणकोच्या न्यायालयप्रवेशाचा इतिहास

कर्ज फेडता न येण्याच्या अवस्थेला मराठीत दोन शब्द आहेत. एक दिवाळे आणि दुसरा नादारी. पहिला शब्द पेढीवरचा आहे. दुकान, वहीखाते, हुंडी, बाजारातील पत आणि ती पत एके दिवशी नाहीशी झाल्याचा बोभाटा, हे सारे त्यात गृहीत असते; 'दिवाळखोर' या रूपात तर त्याला शिवीचीही धार आहे. दुसरा शब्द फारसीतून आला. ज्याच्याजवळ काही नाही तो नादार. यात दोषारोप नाही, केवळ अभावाची नोंद आहे. आपल्या शाळांतून गरीब विद्यार्थ्याला फी माफ होत असे, त्या सवलतीलाच 'नादारी' म्हणत, हे जुन्या पिढीतील वाचकांना स्मरत असेल. नादार ठरणे म्हणजे शुल्कातून सुटणे, असा त्या शब्दाचा व्यवहारातील अर्थ होता.

प्रस्तुत लेखाचा विषय नेमका याच्या उलट आहे. दिवाळखोरीच्या कायद्याचा दीर्घ विकास ज्या इंग्लंड व अमेरिका या देशांत झाला, तेथे रोजगार गेलेल्या आणि सरकारी साहाय्यावर गुजराण करणाऱ्या ऋणकोला नादार म्हणून जाहीर होण्यासाठी आधी शुल्क भरावे लागे. आणि ते भरण्याइतकी रक्कम जवळ नसल्यामुळे त्याला नादार ठरता येत नसे. ही विसंगती एखाद्या कारकुनाच्या नजरचुकीने निर्माण झालेली नाही. तिचा उगम कायद्याच्या मूळ घडणीत आहे, असे मला वाटते, आणि तेच येथे दाखवावयाचे आहे.

इंग्लंडमधील दिवाळखोरीचा पहिला कायदा आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत, १५४२ साली झाला. तो सर्वस्वी धनकोंच्या सोयीसाठी होता. माल दडवून पळणाऱ्या ऋणकोला पकडणे आणि त्याची मालमत्ता धनकोंत प्रमाणशीर वाटणे, एवढाच त्याचा हेतू. १५७१ च्या कायद्याने त्याची कक्षा व्यापाऱ्यांपुरती मर्यादित केली. १७०५ साली प्रथमच, धनकोंशी सहकार्य करणाऱ्या दिवाळखोराला उरलेल्या कर्जातून मुक्त करण्याची तरतूद आली; त्याच कायद्याने लबाडी करणाऱ्यास देहान्ताची शिक्षाही सांगितली. ऋणमुक्ती हे व्यापाऱ्याला मिळालेले बक्षीस होते. समुद्रात बुडालेले जहाज किंवा दुसऱ्या पेढीचे दिवाळे यांमुळे सज्जन व्यापारीही आपत्तीत सापडू शकतो, व त्याला पुन्हा व्यापारात उभे करणे राष्ट्राच्या हिताचे आहे, हा त्यामागील विचार. ज्याने व्यापार केला नाही, ज्याचे कर्ज पाववाल्याचे किंवा घरभाड्याचे आहे, त्याच्यासाठी तुरुंग होता.

अशा अव्यापारी ऋणकोंसाठी १८१३ साली स्वतंत्र न्यायालय स्थापन झाले, आणि त्याच्या कक्षेत येणाऱ्यांना 'बँक्रप्ट' न म्हणता 'इन्सॉल्व्हंट' म्हणत. दिवाळखोर आणि नादार हा आपल्या भाषेतील भेद इंग्रजी कायद्यातही असा प्रत्यक्ष दोन न्यायालयांच्या रूपाने नांदत होता. नादारांच्या न्यायालयाची रीत चार्ल्स डिकन्सच्या चरित्रामुळे सर्वांना परिचित झाली आहे. त्याचे वडील जॉन डिकन्स यांना एका पाववाल्याच्या सुमारे चाळीस पौंडांच्या कर्जापायी फेब्रुवारी १८२४ मध्ये मार्शलसी तुरुंगात टाकण्यात आले, आणि मे महिन्यात नादारीच्या कायद्याखाली त्यांची सुटका झाली. सुटकेसाठी अट अशी होती की, ऋणकोच्या व त्याच्या कुटुंबीयांच्या अंगावरील कपडे व चीजवस्तू वीस पौंडांपेक्षा अधिक किमतीच्या असू नयेत. बारा वर्षांच्या चार्ल्सलाही सरकारी मूल्यमापकापुढे उभे राहावे लागले. खिशातील, आजीने दिलेल्या चांदीच्या घड्याळामुळे वीस पौंडांची मर्यादा ओलांडली जाते की काय, या शंकेने तो मुलगा अस्वस्थ झाला होता. आपण निष्कांचन आहोत हे सिद्ध करण्याची ही परीक्षा पुढच्या दोन शतकांत निरनिराळ्या रूपांनी पुन्हा पुन्हा भेटते. वीस पौंडांच्या जागी तीनशे येतात, घड्याळाच्या जागी मोटारगाडी येते, एवढाच फरक.

१८६१ साली व्यापारी व अव्यापारी हा भेद रद्द झाला आणि दिवाळखोरीचे दार तत्त्वतः सर्वांना खुले झाले. १८६९ च्या ऋणको कायद्याने कर्जासाठी तुरुंगवास बंद केला असे पाठ्यपुस्तकांतून सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. त्या कायद्याच्या पाचव्या कलमाने एक वाट राखून ठेवली होती : डिक्रीची रक्कम फेडण्याचे साधन असूनही जो फेडणार नाही त्याला सहा आठवड्यांपर्यंत कैदेत ठेवता येई. कायद्याच्या शब्दांप्रमाणे पाहिले तर बेकार मनुष्य या कलमातून आपोआप सुटावयास हवा होता, कारण त्याच्याजवळ साधनच नव्हते. पण साधन होते की नाही हे ठरविणाऱ्या काउंटी न्यायालयांपुढे दिवसाकाठी शेकडो प्रकरणे येत. ऋणको बहुधा हजरच नसे, आणि धनकोचा वसुली-कारकून सांगेल तो पुरावा ठरे. परिणामी विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत दरवर्षी हजारो श्रमिक किरकोळ कर्जापायी तुरुंगात जात राहिले. काउंटी न्यायाधीश एडवर्ड ॲबट पॅरी यांनी १९१४ साली 'द लॉ अँड द पुअर' हा ग्रंथ लिहून या व्यवस्थेवर कडक टीका केली. मोठा ऋणको दिवाळे काढून मोकळा होतो व लहान ऋणको गजाआड जातो, हा त्यांच्या टीकेचा गाभा होता, आणि तो त्यांनी खुर्चीवर बसून घेतलेल्या अनुभवातून आला होता.

लहान ऋणकोंचा विचार कोणी केलाच नव्हता असे मात्र नाही. १८८३ चा दिवाळखोरी कायदा जोसेफ चेंबरलेन यांनी संमत करून घेतला. त्यात ऑफिशियल रिसीव्हर हा सरकारी अधिकारी निर्माण झाला, तसेच पन्नास पौंडांपर्यंतची कर्जे असणाऱ्यांसाठी 'प्रशासन आदेश' नावाची स्वस्त पर्यायी रीत आली. काउंटी न्यायालयाने सर्व कर्जे एकत्र करावीत, ऋणकोने ठरावीक हप्ता भरावा, आणि न्यायालयाने तो धनकोंत वाटावा, अशी ती योजना. तिला गरिबांची दिवाळखोरी म्हणत. परंतु हप्ता भरावयाचा तर आठवड्याला मजुरी हवी. योजना करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे गिरणीतला किंवा खाणीतला कामावर असलेला मजूर होता. काम सुटलेला मजूर या योजनेतही बसत नव्हता.

येथे कथेत दुसरा धागा येऊन मिळतो. १९०८ च्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतन कायद्याने सत्तर वर्षांवरील गरिबांना आठवड्यास पाच शिलिंगांपर्यंत रक्कम सरकारी तिजोरीतून मिळू लागली. या कायद्याच्या सहाव्या कलमाकडे दिवाळखोरीच्या इतिहासकारांनी द्यावे तेवढे लक्ष दिलेले नाही. हे वेतन गहाण टाकण्याचा किंवा दुसऱ्याच्या नावे करून देण्याचा कोणताही करार निरर्थक समजावा, आणि वेतनधारकाचे दिवाळे निघाल्यास ते वेतन धनकोंच्या विश्वस्ताकडे जाऊ नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने बांधकाम, जहाजबांधणी, यंत्रनिर्मिती अशा काही धंद्यांतील कामगारांना आठवड्यास सात शिलिंग बेकारी भत्ता दिला, आणि तेथेही हेच संरक्षण लागू केले. अमेरिकेच्या १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात वृद्धांच्या साहाय्यरकमेस जप्तीपासून तसेच दिवाळखोरीच्या कायद्यापासून असेच अभय दिलेले आढळते. म्हणजे शासनाने गरिबाच्या हातावर ठेवलेला पैसा सावकाराच्या हाती जाऊ नये, याची काळजी साहाय्ययोजनांच्या जन्मापासूनच घेतलेली होती.

यावरून कोणी विचारील की, ज्याच्याजवळ जप्त करण्याजोगे काही नाही व ज्याचा भत्ता कायद्याने सुरक्षित आहे, त्याला दिवाळखोरीची गरजच काय? धनकोने दावा लावला तरी तो काय नेणार? हा युक्तिवाद पुढे न्यायालयांतही झाला. तो वरवर बिनतोड दिसतो, पण त्यात तीन गोष्टी सुटतात. पहिली, वसुलीचा तगादा. पत्रे, दारावरची माणसे, शेजाऱ्यांसमक्ष विचारणा हे सारे डिक्रीवाचूनही चालते. दुसरी, उद्याची मजुरी. भत्ता सुरक्षित असला तरी काम मिळताच वेतन सुरक्षित राहत नाही, आणि व्याज तर वाढतच असते. जुन्या कर्जाच्या ओझ्याखाली नवी नोकरी पत्करणे म्हणजे पहिल्या पगारापासून दुसऱ्यासाठी राबणे. तिसरी गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. कित्येकदा धनको हे स्वतः शासनच असते. चुकून अधिक दिला गेलेला भत्ता किंवा निकडीच्या वेळी दिलेले सरकारी कर्ज पुढच्या भत्त्यातून कापून घेतले जाते. इतर धनकोंना जे दार बंद, ते या धनकोला उघडे असते.

आता अमेरिकेकडे वळू. तेथे १८९८ चा दिवाळखोरी कायदा टिकाऊ ठरला. त्याआधीचे १८००, १८४१ व १८६७ चे कायदे काही वर्षांतच रद्द झाले होते. १८९८ च्या कायद्यात गरीब अर्जदारासाठी एक सोय होती. शुल्क भरण्यास पैसे नाहीत व ते मिळविताही येत नाहीत, असे प्रतिज्ञापत्र अर्जाबरोबर जोडल्यास शुल्क घेतले जात नसे. आपल्या शाळांतील नादारीच ही. १९४६ साली काँग्रेसने 'रेफरी' नामक दिवाळखोरी अधिकाऱ्यांना फीऐवजी पगार सुरू केला, आणि ती व्यवस्था स्वतःच्या पायावर उभी राहावी, म्हणजे दिवाळखोरांच्या शुल्कातूनच तिचा खर्च निघावा, असे ठरविले. त्याबरोबर प्रतिज्ञापत्राची सोय गेली व तिच्या जागी हप्त्यांची सवलत आली. हा बदल कोणा निर्दय मनुष्याने केला असे नव्हे. हिशेबनीस मनोवृत्तीने तो केला. शासनाच्या एका शाखेचा जमाखर्च जुळविताना, तिच्या दाराशी येणारे लोक कोण आहेत याचा विसर पडला.

या बदलाची घटनात्मक कसोटी लागली ती 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध क्रास' या खटल्यात. त्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी १९७३ रोजी दिला. अर्जदार ब्रुकलिनमधील अडीच खोल्यांच्या घरात पत्नी, दोन मुले, आई व एक लहान बहीण यांच्यासह राहत होता. तो पूर्वी एका विमा कंपनीचा एजंट होता. गोळा केलेले हप्ते घरातून चोरीस गेले व ती रक्कम भरून देता आली नाही, म्हणून १९६९ मध्ये त्याची नोकरी गेली. त्यानंतर किरकोळ कामांपलीकडे काही मिळाले नाही. स्वतःच्या कुटुंबासाठी महिना २१० डॉलर व आई आणि बहीण यांच्यासाठी १५६ डॉलर, एवढ्या सरकारी साहाय्यावर सहा माणसांचे घर चालत होते, आणि त्यातील १०२ डॉलर भाड्यात जात. कर्ज ६,४०० डॉलरांवर होते. दिवाळखोरीच्या अर्जाचे शुल्क होते ५० डॉलर. त्यांपैकी ३७ डॉलर रेफरींच्या पगार व खर्चाच्या निधीत, १० विश्वस्तास व ३ कारकुनास जात. शुल्क भरण्याची ऐपत नाही, ते हप्त्यांनीही देता येणार नाही, तेव्हा अर्ज तसाच स्वीकारावा, अशी त्याची मागणी होती. खालच्या न्यायालयाने ती मान्य केली. सर्वोच्च न्यायालयाने पाचास चार मतांनी ती फेटाळली.

बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती ब्लॅकमन यांचे आहे. त्यांच्यापुढे अडचण अशी होती की, दोनच वर्षांपूर्वी, १९७१ साली, 'बॉडी विरुद्ध कनेटिकट' या खटल्यात याच न्यायालयाने, साहाय्यावर जगणाऱ्या स्त्रियांना घटस्फोटाचा दावा शुल्काअभावी नाकारता येत नाही, असे सांगितले होते. ब्लॅकमन यांनी दोहोंत भेद केला. विवाह हा मूलभूत संबंध असून तो तोडण्याचा न्यायालयावाचून दुसरा मार्ग नाही. कर्जाचे तसे नाही, ऋणको धनकोंशी बोलणी करून तडजोड करू शकतो. दिवाळखोरीतून मिळणारी मुक्ती हा घटनेने दिलेला हक्क नव्हे, ती विधिमंडळाने दिलेली सवलत आहे. यापुढे त्यांनी एक हिशेब मांडला, आणि त्यामुळेच हा निकाल विशेष लक्षात राहिला. शुल्क नऊ महिन्यांत विभागले तर आठवड्यास १ डॉलर २८ सेंट पडतात. सिनेमाच्या तिकिटाहून कमी, आणि सिगारेटच्या एकदोन पाकिटांहून फारसे अधिक नाही, असा त्यांचा निर्वाळा होता.

विरोधी मतांपैकी न्यायमूर्ती स्ट्यूअर्ट यांनी नेमक्या विसंगतीवर बोट ठेवले : या निकालामुळे काही गरीब हे दिवाळे काढण्याइतकेही सधन नाहीत, असा अर्थ होतो. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी स्वतंत्र मत लिहिले. वर्णभेदाविरुद्धच्या खटल्यांत अनेक वर्षे गरीब पक्षकारांची बाजू मांडून ते न्यायासनावर आले होते. आठवड्यास दोन डॉलरांहून कमी रक्कम वाचविणे सोपे आहे असे काहींना वाटेल. पण ज्यांचा गरिबांशी निकटचा संबंध आला आहे त्यांना, ही माणसे जगण्याच्या किती काठावर असतात, हे ठाऊक असते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. सिनेमा ही गरिबाच्या दृष्टीने नित्याची नव्हे, क्वचितची चैन आहे, हेही त्यांनी सुनावले. दोन्ही मते शेजारी ठेवून वाचली म्हणजे जाणवते की, यातील मतभेद कायद्याच्या अर्थाविषयी जेवढा आहे, त्याहून अधिक तो दारिद्र्याच्या प्रत्यक्ष ज्ञानाविषयी आहे. तडजोडीचा मुद्दाच पाहा. तडजोडीसाठी देण्यास काहीतरी हातात असावे लागते. ज्याच्याजवळ शुल्काचे ५० डॉलर नाहीत तो ६,४०० डॉलरांच्या धनकोंपुढे कशाच्या बळावर बोलणी करणार?

पुढे बत्तीस वर्षांनी, २००५ साली, काँग्रेसने दिवाळखोरीचा कायदा अत्यंत कडक केला. मिळकतीची कसोटी व सक्तीचे समुपदेशन त्यात आले. आणि त्याच कायद्यात, दारिद्र्यरेषेच्या दीडपटीहून कमी मिळकत असणाऱ्या व हप्त्यांनीही शुल्क भरू न शकणाऱ्या अर्जदारास ते माफ करण्याचा अधिकार न्यायालयास दिला गेला. १९४६ साली काढून घेतलेली नादारी अशी एका सर्वस्वी प्रतिकूल कायद्याच्या पोटातून परत आली. इतिहासात असे घडते. त्याला फार अर्थ चिकटवू नये.

इंग्लंडमध्ये हाच प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरीस उपस्थित झाला. १९९६ साली लॉर्ड चॅन्सेलरांनी एका आदेशाने, उत्पन्नपूरक साहाय्य घेणाऱ्यांना न्यायालयीन शुल्कातून असलेली सूट काढून घेतली. अशाच एका साहाय्यजीवी गृहस्थाला अब्रुनुकसानीचा दावा लावावयाचा होता. 'विदम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९९७ च्या निकालात न्या. लॉज यांनी तो आदेश अवैध ठरविला : न्यायालयाच्या दाराशी जाण्याचा हक्क हा घटनात्मक स्वरूपाचा असून, पार्लमेंटने स्पष्ट शब्दांत अधिकार दिल्यावाचून शासनाला तो हिरावता येणार नाही. हा निकाल पाहून, दिवाळखोरीचा अर्ज करू इच्छिणाऱ्या निर्धनांनाही आशा वाटली असल्यास नवल नाही. स्वतःच्या अर्जावर दिवाळे जाहीर करून घेणाऱ्यास त्या वेळी २५० पौंड अनामत ठेवावी लागे. गरिबीच्या आधारे न्यायालयीन शुल्क माफ होऊ शके, पण अनामत कोणासही माफ नसे. 'लाइटफूट' खटल्यात या अनामतीस आव्हान देण्यात आले. ते प्रथम त्याच न्या. लॉज यांच्यापुढे आले आणि त्यांनी ते फेटाळले. १९९९ मध्ये अपील न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला.

त्यांचे तर्कशास्त्र नीट पाहण्यासारखे आहे. दिवाळखोरीचा अर्ज करणारा ऋणको कोणाशी वाद घालीत नाही. त्याला न्याय मागावयाचा नसून एका सरकारी व्यवस्थेचा लाभ घ्यावयाचा आहे. ऑफिशियल रिसीव्हर त्याच्या मालमत्तेचा कारभार पाहतो, त्याची चौकशी करतो. त्या कामाचे मूल्य म्हणून अनामत आहे. म्हणून न्यायालयप्रवेशाच्या हक्काचा येथे संबंध नाही. शुद्ध तर्काच्या दृष्टीने यात वैगुण्य काढणे सोपे नाही. परंतु ज्याच्या घरी मालमत्ताच नाही, त्याच्या मालमत्तेच्या कारभाराचा खर्च त्यानेच द्यावा, ही कल्पना व्यापाऱ्याच्या दिवाळखोरीतून आली आहे. व्यापाऱ्याच्या गोदामात निदान काही माल शिल्लक असतो व त्यातून खर्च भागतो. १५७१ साली आखलेल्या चौकटीत साहाय्यजीवी बेकाराला बसविण्याचा हा प्रयत्न होता. प्रत्यक्षात काय होई? ऋणको नातलगांकडून उसने घेत, भत्त्यातून महिनोन्महिने पैसे बाजूस टाकीत, किंवा एखाद्या धर्मादाय निधीकडे अर्ज करीत. काही निधी अशी शुल्के खरोखरीच भरून देत असत. दिवाळे काढण्यासाठी कर्ज काढावे लागावे, याहून अधिक भाष्य करण्याची गरज नाही.

शुल्काच्या समर्थकांचीही बाजू नोंदविली पाहिजे, आणि तिचा आधार स्कॉटलंडमध्ये सापडतो. तेथे १९८५ च्या कायद्याने, मालमत्ता नसलेल्या दिवाळखोराच्या विश्वस्ताचा खर्च सरकारी तिजोरीतून देण्याची व्यवस्था केली. अर्जांची संख्या व खर्च इतका झपाट्याने वाढला की १९९३ साली तो कायदा आवरता घ्यावा लागला. ही वाढ गरज दाखविते की गैरवापर, यावर वाद होऊ शकतो. माझ्या मते ती मुख्यतः गरज दाखविते, कारण लपविण्याजोगे काही नसलेल्या माणसाला गैरवापरास वावच थोडा असतो. पण लंडनच्या अधिकाऱ्यांच्या मनात ते आकडे राहिले असणार.

या कोंडीतून वाट निघाली ती तत्त्वाच्या विजयाने नव्हे. ज्यांना 'ना मिळकत, ना मालमत्ता' अशा वर्णनाने ओळखू लागले होते, त्या ऋणकोंसाठी महागडी न्यायालयीन रीत वापरणे हाच अपव्यय आहे, हे प्रशासनाच्या ध्यानात आले. न्यूझीलंडने २००६ च्या कायद्यात मालमत्ताहीनांसाठी स्वतंत्र रीत केली होती. इंग्लंड व वेल्समध्ये २००७ च्या कायद्यान्वये ६ एप्रिल २००९ पासून 'ऋणनिवारण आदेश' सुरू झाला. पंधरा हजार पौंडांपर्यंत कर्ज, तीनशे पौंडांपर्यंत मालमत्ता, खर्च वजा जाता महिना पन्नास पौंडांपर्यंत शिल्लक, अशा त्याच्या मूळ मर्यादा होत्या. अर्ज मान्यताप्राप्त सल्लागारामार्फत करावयाचा, निर्णय ऑफिशियल रिसीव्हरने द्यावयाचा, बारा महिने धनकोंना स्थगिती, आणि त्यानंतर ऋणमुक्ती. न्यायाधीशापुढे जाण्याचे कारण उरले नाही. शुल्क ९० पौंड ठेवले गेले. न्यायालयाचे दार स्वस्त झाले नाही. ते वगळण्यात आले.

या नव्या रीतीखालीच, शासन स्वतः धनको असते तेव्हा काय, हा वर उल्लेखिलेला प्रश्न धसास लागला. जुन्या दिवाळखोरीच्या कायद्याखाली १९९६ च्या सुमारास न्यायालयांनी असे मानले होते की, शासन भत्त्यातून जे कापते ती वसुली नव्हेच. ऋणकोचा हक्क मुळी कापून उरलेल्या रकमेवरच असतो. म्हणजे सर्व सावकार थांबले तरी भत्ता देणारा हात कापीतच राही. डिसेंबर २०११ मध्ये 'पेन' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऋणनिवारण आदेशापुरता हा युक्तिवाद अमान्य केला, आणि स्थगितीच्या काळात सरकारी कपातही थांबली पाहिजे असे ठरविले. १९०८ च्या सहाव्या कलमाने इतर धनकोंना जे सांगितले होते ते शासनाला लागू होण्यास शंभरांहून अधिक वर्षे लागली.

त्यानंतर मर्यादा २०१५, २०२१ व २०२४ साली वाढत गेल्या. २८ जून २०२४ पासून कर्जाची मर्यादा पन्नास हजार पौंड झाली, आणि त्याच वर्षी ६ एप्रिलपासून ९० पौंडांचे शुल्क रद्द झाले. पूर्ण दिवाळखोरीच्या अर्जास मात्र त्या वेळीही ६८० पौंड लागत होते. २०१६ पासून तो अर्ज न्यायालयाऐवजी एका प्रशासकीय अधिकाऱ्याकडे जात असूनही शुल्काचा मुख्य भाग अनामतीचाच होता.

मुंबईचा या इतिहासाशी संबंध जुना आहे. कलकत्ता, मद्रास व मुंबई येथे नादार ऋणकोंची न्यायालये १८२८ च्या ब्रिटिश कायद्याने स्थापन झाली. दक्खनच्या शेतकऱ्यांसाठी १८७९ च्या कायद्यात नादारीचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. पुढे १९०९ चा इलाखा-शहरांचा व १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आला. या दोहोंखाली स्वतःहून अर्ज करणाऱ्याचे कर्ज निदान पाचशे रुपये असावे लागे, नाहीतर त्याला डिक्रीपायी अटक किंवा त्याच्या मालमत्तेवर जप्ती तरी झालेली असावी लागे. महाराष्ट्राने १९७५ च्या ऋणनिवारण कायद्याने निराळा मार्ग धरला : लहान शेतकरी, कारागीर व मजूर अशा वर्गांची कर्जे न्यायालयात न जाता सरसकट रद्द केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली ते वैध ठरविले. मात्र अशी माफी एका क्षणाची असते. पुढील वर्षी बेकार होणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत, इंग्लंडच्या ऋणनिवारण आदेशाशी मिळतीजुळती 'नवप्रारंभ' नावाची रीत आहे. वार्षिक उत्पन्न साठ हजार रुपयांपर्यंत, मालमत्ता वीस हजारांपर्यंत, कर्ज पस्तीस हजारांपर्यंत, आणि स्वतःचे घर नसावे, अशा तिच्या अटी. व्यक्तींविषयीचा तो भाग १ डिसेंबर २०१९ पासून अमलात आणला गेला, तो कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता. नवप्रारंभाची कलमे तेव्हा बाजूसच राहिली. पस्तीस हजार रुपयांच्या ऋणकोआधी कोट्यवधींच्या जामीनदाराचा क्रम लागला. नवप्रारंभाचा अर्ज कोणत्या नमुन्यात करावा हे कलम ८१ मध्ये सांगितले आहे, आणि त्यासोबत विहित शुल्क जोडावे असेही त्यात आहे.